समुद्राजवळ ७ मीटरचं जाळीदार पिंपळपान: धातू, देठ आणि पाया

खडूपेन्सिल (प्रश्न)

रायगड जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका बागेसाठी उभं शिल्प करायचं आहे. जागा भरतीच्या रेषेपासून साधारण १२० मीटर आत, मध्ये सुरूची विरळ रांग. विषय सगळ्यांच्या ओळखीचा: वहीत ठेवून जाळी पडलेलं पिंपळपान. पान ७ मीटर लांब (त्यात शेपटीसारखं टोक दीड मीटर), ५ मीटर रुंद, खाली २ मीटर देठ, टोक आकाशाकडे. एकूण उंची ९ मीटर. जाळीमुळे ६०% भाग मोकळा राहतो.

फॅब्रिकेटरने एमएस (साधं पोलाद) पाइपचा सांगाडा आणि त्यावर एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चा १.२ मिमी पत्रा सुचवलाय. मला कॉर्टेन (वर गंजाचा थर धरू देऊन वापरायचं पोलाद) आवडतं, वाळल्या पानाचा तांबूस रंग आपोआप मिळेल. देठाला १०० मिमी पाइप धरलाय. १:१० च्या मॉडेलमध्ये १० मिमी सळीचा देठ आहे आणि ते छान उभं राहतं. कंत्राटदार म्हणतो पाया २.४ × २.४ मीटर, दीड मीटर खोल, तळाशी ६०० मिमी काँक्रीट, वर भराव. शिवाय पान वाऱ्यावर थोडं डोलावं अशीही एक सूचना आली आहे.

काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. पान २५-३० वर्षं तरी उभं राहायला हवं.

वारापाणी

आधी देठ, कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे.

मॉडेल उभं राहतं कारण टेबलावर वादळ येत नाही. मोठ्या शिल्पांबद्दल नेहमी सांगतात की आकार दहापट झाला की वजन हजारपट होतं, म्हणून ती कोसळतात. तुमच्या पानाचं वजन दीड टनाच्या आसपास राहील, तो प्रश्नच नाही. प्रश्न वाऱ्याचा आहे आणि वाऱ्यात लहान-मोठ्याचा ताण सारखाच येतो: बल लांबीच्या वर्गाने वाढतं, देठाच्या बुडाशी येणारं मोमेंट (वाकवणारा जोर) घनाने, आणि देठाची वाकण्याविरुद्धची ताकदही घनानेच. हेच मॉडेल वादळात धरलं तर त्याचाही देठ वाकेल. झाडावरचं पान टिकतं ते वाऱ्याला तोंड न दिल्यामुळे. देठ पिळतो, पान वळतं, गुंडाळलं जातं. पिंपळाला संस्कृतात चलदल म्हणतात ते त्यासाठीच. पोलादी पान वळणार नाही, म्हणून खऱ्या पानाचं देठाचं प्रमाण इथे उचलता येत नाही.

आता आकडे. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३ (२०१५), मुंबईला मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद देतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आदळलं. इथे ४४ पेक्षा कमी धरू नये. समोर उघडा समुद्र, म्हणून भूभागाचा गुणक १.०५. वेग ४६.२ झाला आणि दाब ०.६ × ४६.२², म्हणजे १.२८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.

पानाचं क्षेत्र २१ चौरस मीटर धरू. भरीव पान असतं तर १.२८ × २१ × १.३, जवळपास ३५ किलोन्यूटन. साडेतीन टनांचा आडवा रेटा. तुमची जाळी ४०% भरीव, म्हणजे ८.४ चौरस मीटर. इथे बहुतेकजण ३५ चे ४०% करून १४ लिहितात आणि फसतात. जाळीत प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे वारा अडवते, तिच्या मागे स्वतंत्र भोवरा होतो, म्हणून बलगुणक वाढतो: चपट्या कडांच्या पट्ट्यांना १.७. १.२८ × ८.४ × १.७ = १८.३ किलोन्यूटन. ६०% मोकळं ठेवून वारा निम्माच कमी झाला. त्याच शिरा गोल नळीच्या केल्या तर गुणक १.१ च्या आसपास येतो आणि बल १२ वर. त्यामुळे मुख्य शिरा गोलच ठेवा, हा फुकटातला फायदा आहे.

बारीक जाळी चपटी राहील असं धरून १८.३ घेऊ. बलाचा मध्य जमिनीपासून ४.७ मीटरवर, बुडाशी मोमेंट ८६ किलोन्यूटन-मीटर. १०० मिमीच्या नळीत ताण १६०० मेगापास्कलच्या घरात जातो. समुद्राजवळ वापरायच्या ३१६एल स्टेनलेसची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो तो, १७० आहे. त्या देठाचं काय होईल ते सांगायला नको.

३२४ मिमी बाहेरचा व्यास, १२.७ मिमी जाडी (बाजारात १२ इंची) घेतली तर ताण ९३ वर येतो. दीडचा गुणक लावून १३९, यील्डच्या थोडं आत राहून मर्यादा १५४. बसतं.

डोलण्याबद्दल. ब्यूनस आयर्समध्ये एदुआर्दो कातालानो यांचं २००२ मधलं फ्लोरालिस हेनेरिका हे २३ मीटर उंच, १८ टनांचं धातूचं फूल आहे. त्याच्या सहा पाकळ्या सकाळी उघडायच्या, संध्याकाळी मिटायच्या. ती यंत्रणा बिघडून फूल कित्येक वर्षं उघडंच राहिलं, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि डिसेंबर २०२३ च्या वादळात पाकळीचं नुकसान झालं. तिथे हायड्रॉलिक आणि निगराणी दोन्ही होतं. खाऱ्या हवेत २१ चौरस मीटरचं पान बेअरिंगवर ठेवलं तर पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत बेअरिंग अडकेल आणि मग ते अर्धवट वळलेल्या स्थितीत वारा खात राहील. नको.

टिगटॉर्च

एमएसवर ३०४ चा पत्रा हा किनाऱ्यावरचा सगळ्यात वाईट पर्याय. १.२ मिमी पत्र्याच्या प्रत्येक सांध्यातून खारट हवा आत जाणार, आत एमएस आणि एसएस एकमेकांना लागलेले. ओलाव्यात एमएस स्वतःला खाऊन घेतो. बाहेरून तीन-चार वर्षं चकचकीत दिसतं, मग सांध्यांतून लाल ओघळ येतात, आणि तोपर्यंत आतला पाइप किती उरला ते पत्रा फाडल्याशिवाय कळत नाही. जे दिसत नाही ते तपासता येत नाही, आणि सार्वजनिक जागेत ९ मीटर उंचीवर तसं काही ठेवू नये.

कॉर्टेन मलाही आवडतं, पण इथे नाही. त्याचा गंज घट्ट बसायला ओलं-सुकं-ओलं असं चक्र लागतं. कोकणात जूनपासून चार महिने ते धड वाळत नाही आणि उरलेले आठ महिने त्यावर मीठ बसतं. क्लोराइडमुळे गंजाचा थर घट्ट न होता पापुद्र्यांसारखा सुटत राहतो. तुमच्या बारीक जाळीत तर दोन्ही बाजूंनी. इंग्लंडमधल्या गेट्सहेडचा एंजल ऑफ द नॉर्थ (१९९८, २० मीटर उंच, पंख ५४ मीटर, २०० टन) कॉर्टेनचा आहे, हे उदाहरण लोक देतात. पण तिथले पत्रे जाड आहेत, हवा थंड आहे आणि ते समुद्राच्या फवाऱ्यात उभं नाही. शिवाय कॉर्टेनचं लाल पाणी पहिली काही वर्षं खालच्या फरशीवर उतरतं.

उरतं स्टेनलेस. ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नसतं, ३१६ मध्ये २ ते ३% असतं, आणि क्लोराइडच्या खड्ड्यांविरुद्ध तेच काम करतं. ३१६एल हा किमान दर्जा समजा. पण ३१६ घेतलं म्हणजे डाग पडणार नाहीत असं नाही. समुद्राजवळ स्टेनलेसवर चहासारखे तपकिरी डाग पडतात, आणि ते ग्रेडइतकेच फिनिशवर अवलंबून असतात. खरखरीत पृष्ठभागात मीठ अडकून बसतं. म्हणून जाड ग्रिटचा 'ब्रश फिनिश' इथे टाळा. पृष्ठभागाचा खरखरीतपणा, म्हणजे आरए, ०.५ मायक्रॉनच्या खाली आणा आणि शक्य त्या भागांना इलेक्ट्रोपॉलिश करा. घासणीच्या रेषा ठेवायच्याच असतील तर उभ्या ठेवा, पाणी त्यांच्यावरून खाली धावतं. आडव्या रेषांत मीठ थांबतं.

कोकणात एक गोष्ट उलटी आहे. पावसाळ्यात स्टेनलेस धुतलं जातं आणि सुखी असतं. खरा त्रास नोव्हेंबर ते मे. सात महिने पाऊस नाही, रोज दुपारी समुद्राचा वारा, मिठावर मीठ. आणि पावसाळ्यातही जिथे पाऊस थेट लागत नाही तो भाग, म्हणजे पानाचा खालचा काठ आणि शिरांची जमिनीकडची बाजू, आधी काळवंडतो.

माल घेताना चुंबकाने तपासू नका. चुंबक ३०४ आणि ३१६ मधला फरक सांगत नाही. मॉली टेस्टचा (मॉलिब्डेनम ओळखणारा) थेंब किंवा एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक दाखवणारं यंत्र) लावा, प्रत्येक पाइपवर आणि प्रत्येक पत्र्यावर, आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट हीट नंबरसकट (धातूच्या ओतणीचा क्रमांक) जुळवा. बाजारात २०० सिरीजचा (हलक्या दर्जाच्या स्टेनलेसचा) माल ३०४ म्हणून फिरतो, हे लक्षात असू द्या.

वर्कशॉपमधली सगळ्यात मोठी चूक म्हणजे एमएस आणि एसएस एकाच टेबलावर. एमएस कापताना उडालेली ठिणगी एसएसवर बसते आणि पहिल्या दवात तिथे लाल ठिपका उमटतो. मग 'माल खोटा निघाला' म्हणून भांडणं होतात. टेबलावर लाकूड किंवा रबर अंथरा, कटिंग आणि फ्लॅप डिस्क फक्त एसएससाठी वेगळ्या ठेवा, वायर ब्रश स्टेनलेसचाच वापरा, उचलायला साखळीऐवजी नायलॉनचा पट्टा. काम संपल्यावर सगळ्यावर पाणी मारून २४ तास ओलं ठेवा. लोखंडाचा कण असेल तर स्वतःच दिसेल.

वेल्डिंग टिगने, ३१६एल ला ईआर३१६एल तार, पाइपच्या आतून आर्गनचं पर्जिंग, म्हणजे आतली हवा आर्गन वायूने हटवणं. पर्जिंग न करता ओढलेला सांधा आतून करपून काळा, दाणेदार होतो आणि गंज तिथूनच धरतो. वेल्डच्या दोन पासमध्ये (थरांमध्ये) धातू १५० अंशांच्या खाली येऊ द्या. वेल्डच्या बाजूचा निळा-सोनेरी रंग दिसायला सुंदर असतो, पण त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. पिकलिंग पेस्टने तो काढायलाच हवा. त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. हातमोजे, फेसशील्ड, उघडी हवा आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नसेल तर डबा उघडूच नका. ते त्वचेतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

पानगळ

आकाराबद्दल लिहितो, कारण इथे रचना आणि सौंदर्य एकाच गोष्टीवर येतात.

वहीतलं पान चपटं असतं, झाडावरचं नसतं. ते मधल्या शिरेवर किंचित दुमडलेलं असतं, द्रोणासारखं, आणि कडा लहरत असते. तुम्ही चपटं केलं तर दुरून तो पत्र्यात कापलेला फलक दिसेल आणि वाऱ्यात थरथरेल. दोन्ही बाजू मधल्या शिरेपासून १२-१२ अंश पुढे आणा. अडीच मीटर रुंदीवर कडा सुमारे अर्धा मीटर पुढे येते. तेवढ्यात पानाला ताठपणा येतो आणि दिवसभर एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूवर सरकत राहते. जाळीची सावली जाळीवर पडली की पान जिवंत दिसतं.

शिरा नीट पाहा. मधल्या शिरेतून दोन्हीकडे सहा ते नऊ मोठ्या शिरा निघतात, पण त्या कडेपर्यंत जाऊन संपत नाहीत. कडेच्या थोडं आत वळून एकमेकींना मिळतात आणि कडेला समांतर एक शीर तयार होते. चित्रांत ती नेहमी गाळलेली असते. ती ठेवा. तिच्यामुळे प्रत्येक शीर दोन्ही टोकांना बांधली जाते, हवेत लोंबकळत नाही. झाडालाही तिचा हाच उपयोग आहे: एक शीर किड्याने खाल्ली तरी पाणी दुसऱ्या वाटेने फिरतं.

नमुन्यासाठी पंधरा-वीस पानं आणा, पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे कुजू द्या, पाणी बदलत राहा, मग मऊ ब्रशने गर काढा. जाळी पांढऱ्या कागदावर ठेवून १२०० डीपीआयला स्कॅन करा. संगणकात रेषा काढताना संपूर्ण जाळी उचलू नका. मधली शीर पहिली पायरी, तिच्यातून फुटणाऱ्या दुसरी, असं मोजत चौथ्या पायरीच्या शिरांनंतर थांबा, नाहीतर ७ मीटरवर ती कोंबडीच्या जाळीसारखी दिसते आणि मोकळा भाग ६०% उरत नाही.

जाळी सळ्या एकमेकींवर ठेवून वेल्ड करू नका. प्रत्येक छेदावर एक फट उरते, तिच्यात मीठ बसतं आणि स्टेनलेस फटीतूनच आधी सडतं. ६ मिमी पत्र्यातून लेझरने किंवा वॉटरजेटने कापलेली जाळी घ्या, तिच्यात सांधेच नाहीत. कडा २ मिमी गोल करा, हाताला लागतात आणि टोकदार कडेवर पॉलिशही टिकत नाही. फक्त हिशोब आधीच करा: ६ मिमी पत्रा चौरस मीटरला ४८ किलो, पूर्ण पानासाठी सुमारे एक टन विकत घ्यावा लागतो आणि त्यातला ६०% भंगारात जातो. ३१६ चं भंगार वेगळं ठेवून वेगळ्या भावाने विका.

शेपटीसारखं टोक भरीव सळीतून करा, बुडाशी ४० मिमी आणि वर निमुळतं. सरळ, एकाच जाडीची दीड मीटरची ४० मिमी सळी सेकंदाला १२ वेळा कंप पावते, आणि सेकंदाला अडीच मीटरच्या साध्या झुळुकीत नेमका तोच कंप उठतो. जोर थोडाच, पण रोज दुपारी, वर्षानुवर्षं. तडा वेल्डच्या बुडाशी जातो. निमुळत्या टोकात हा ताल जमत नाही. पिंपळाने टोक निमुळतं केलं ते पाणी निथळायला, तुम्हाला ते इथे उपयोगी पडेल.

जांभा_चिरा

पाया. कंत्राटदाराचा २.४ मीटरचा पाया कोरड्या जमिनीत पास होतो आणि पावसाळ्यात नापास. फरक पाण्याचा आहे.

वारापाणींचं ८६ चं मोमेंट घ्या, त्यात १८.३ चा रेटा गुणिले दीड मीटर खोली मिळवा: पायाच्या तळाशी ११३ किलोन्यूटन-मीटर. कोरड्यात २.४ च्या पायाचं काँक्रीट, भराव आणि शिल्प मिळून १९० किलोन्यूटन, उलथण्याविरुद्ध गुणक २. छान वाटतं. जुलैमध्ये किनाऱ्यावर जमिनीतलं पाणी हातभर खाली असतं, अतिवृष्टीत तेवढंही नाही. बुडालेल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला २५ वरून १५ वर येतं, भरावाचं १७ वरून ८ वर. एकूण १०८ उरतं आणि गुणक १.१५. किमान दीड हवा. पाया ३ × ३ करा. त्याच खोलीत, त्याच जाडीत, पाण्यात बुडूनही गुणक २.१ येतो. काँक्रीट साडेतीनऐवजी ५.४ घनमीटर लागेल, तिथे काटकसर करू नका.

काँक्रीट एम३५, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, सिमेंट घनमीटरला किमान ३४० किलो, जमिनीकडे सळ्यांवर ७५ मिमी काँक्रीटचं कव्हर. स्लॅग सिमेंट मिळालं तर क्लोराइडसाठी चांगलं. पुळणीची वाळू किंवा मचूळ विहिरीचं पाणी मिक्सरमध्ये गेलं तर सळ्या आतूनच गंजायला लागतात, तेव्हा ओतणीच्या दिवशी टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते विचाराच. चौथरा जांभ्याचा बांधायचा मोह होईल आणि तिथे तो शोभतोही; पण जांभा फक्त बाहेरून चढवा. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो, बोल्ट त्यात धरत नाहीत.

बोल्ट ८, २४ मिमी, ए४-७० स्टेनलेस, ५५० मिमी वर्तुळावर. बेस प्लेट ७०० मिमी व्यासाची, ३२ मिमी जाड, गसेटसकट (आधाराचे त्रिकोणी पत्रे). एका बोल्टवर ओढ ११७ किलोन्यूटन, क्षमता १४४. गॅल्व्हनाइज्ड बोल्ट इथे चालत नाहीत: एवढं मोठं स्टेनलेस आणि एवढासा जस्त, जस्त आधी संपतं आणि मग बोल्ट. स्टेनलेसच्या नटाला अँटी-सीझ पेस्ट लावा, नाहीतर आवळतानाच आटे चिकटून बसतात आणि नट कापून काढावा लागतो. टेम्पलेट ओतणीनंतरही काढू नका, दुसऱ्या दिवशी वर्तुळ पुन्हा मोजा.

बेस प्लेट मातीत गाडू नका. लँडस्केपवाले शेवटी येऊन तिच्यावर हिरवळ चढवतात आणि दोन वर्षांत प्लेटखालच्या फटीत गंज धरतो. प्लेट जमिनीपासून १५० मिमी वर, खाली न आकसणारं ग्राउट, त्याला चारी बाजूंनी बाहेर उतार. टोक आकाशाकडे असल्यामुळे अख्ख्या पानाचं पाणी मधल्या शिरेवरून देठाच्या सांध्याशी उतरणार आहे. खऱ्या पानाचं टोक खाली असतं, म्हणून त्याला ही अडचण नाही. त्या सांध्यात खळगा राहू देऊ नका.

वीज: उघड्यावर ९ मीटरचा धातू म्हणजे स्वतःच वीजवाहक. देठापासून दोन बाजूंनी अर्थिंग, पायाभोवती जमिनीत स्टेनलेस पट्टीचं कडं, अर्थ रोध १० ओमच्या आत, आणि भोवताली १५० मिमी खडीचा थर, म्हणजे जवळ उभ्या माणसाच्या पायांतून प्रवाह जाण्याचा धोका कमी होतो. पावसाळी ढगांत लोक शिल्पाखाली आडोशाला उभे राहतात. तिथे बाक ठेवू नका.

आणि परवानगी. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आहे. तुमची जागा त्यात येते, तेव्हा पाया खणण्याआधी ते मार्गी लावा.

खडूपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. ३१६एल, कापलेली जाळी, द्रोणासारखी घडी, ३ मीटरचा पाया, न डोलणारं पान: सगळं मान्य. अडकलोय एकाच ठिकाणी. ३२४ मिमीचा देठ रेखाटनात घातला आणि पान हत्तीच्या पायावर ठेवल्यासारखं दिसायला लागलं. देठ बारीक करायचा काही मार्ग?

वारापाणी

दोन मार्ग, प्रत्येकाची किंमत वेगळी.

पहिला: देठ छोटा आणि जाळी विरळ. देठ १.२ मीटर आणि मोकळा भाग ७०% केला तर बल १३.७, मध्य ३.९ मीटरवर, मोमेंट ५३. मग २७३ मिमीची, १२.७ जाडीची नळी पुरते. पण पान खाली आलं की मुलांना पहिला पाय ठेवायला जागा मिळते.

दुसरा: देठ डुप्लेक्स २२०५ चा (जास्त ताकदीचं स्टेनलेस). त्याची यील्ड ४५०, म्हणजे ३१६एल च्या अडीचपटीहून जास्त, आणि मिठाविरुद्धही जास्त चांगला. २१९ मिमी व्यास, १२.७ जाडी ८६ च्या मोमेंटला पुरते. मात्र पोलाद कितीही ताकदवान असलं तरी त्याचा ताठपणा तेवढाच राहतो. ३२४ च्या देठामुळे वादळात पानाचं टोक तीन-चार सेंटिमीटर हलेल, २१९ च्या देठामुळे १० च्या वर. मोडणार नाही, पण हलताना दिसेल. तुमच्या डोलण्याच्या सूचनेला एवढंच उत्तर पुरे आहे.

मी दुसरा घेईन.

टिगटॉर्च

२२०५ घेतलंत तर तार ईआर२२०९. ३१६एल च्या मधल्या शिरेला जोडतानाही तीच. उष्णता फार कमीही नको, फार जास्तही नको. दोन पासमधलं तापमान इथेही १५० च्या आत. ज्याने आधी डुप्लेक्स ओढलं नाही त्याच्याकडून आधी तुकड्यावर सांधा करून वाकवून बघा. पाइप दोन-तीन मीटर मिळवणं हीच खरी कटकट, ऑर्डर आधी टाका.

पानगळ

डोळ्याला देठ बारीक वाटायला आणखी एक करता येतं. ३२४ राहिला तरी बुडाशी ३२४ आणि पानाजवळ २५० असा निमुळता करा. मोमेंट वर कमीच असतं, म्हणून ताकदीला धक्का नाही. खऱ्या पिंपळपानाचा देठही फांदीला मिळतो तिथे किंचित फुगलेला असतो, तो फुगवटा बुडाशी दाखवा. लोकांना तो पानाचाच भाग वाटेल. आणि मधली शीर देठाच्या जाडीतून अखंड निघू द्या, पानात जाताना अचानक बारीक झाली की डोळा तिथेच अडतो.

जमिनीपासून दोन मीटरच्या आत येणाऱ्या जाळीत ८९ ते २३० मिमीमधली भोकं ठेवू नका. त्यात मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. बारीक तरी ठेवा नाहीतर सरळ मोठी.

जांभा_चिरा

वाहतुकीचं कोणी बोललं नाही. पान ५ मीटर रुंद आहे आणि गाडीची कायद्यातली रुंदी २.६ मीटर. मधल्या शिरेवर दोन अर्धे करा, प्रत्येकी अडीच बाय सात, घाटातून येतात. जागेवरचा सांधा मधल्या शिरेच्या मागच्या बाजूला. वर्कशॉपमध्ये एकदा पूर्ण जोडून, खुणा करून, मग सोडा.

पाया डिसेंबरमध्ये ओतला तर २८ दिवस धरून फेब्रुवारीत उभारणी होते. क्रेन सकाळी साडेसहाला लावा. अकरानंतर समुद्राचा वारा उठतो आणि दीड टनाचं पान क्रेनच्या दोरीवर शिडासारखं वागतं. वारा ताशी ३० किमीच्या वर गेला की उचल थांबवा, कितीही घाई असली तरी. मेअखेर उभारणी ओढत नेऊ नका.

टिगटॉर्च

निविदेतच देखभाल लिहून घ्या, नंतर कोणी लिहीत नाही. नोव्हेंबर ते मे दर महिन्याला गोड्या पाण्याने धुणं, साध्या साबणाने, वरून खाली, मागची बाजू आधी. बागेतला सफाई कामगार हाताशी असेल ते वापरतो, म्हणून बंदी नावानिशी लिहा: ब्लीचिंग पावडर नाही, संडास धुण्याचं ॲसिड नाही, लोखंडी काथ्या नाही. पहिल्या दोघांतलं क्लोरीन ३१६ लाही खड्डे पाडतं. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, देठाचा बुडाचा वेल्ड आणि टोकाचा वेल्ड डाय पेनिट्रंटने (बारीक तडा दाखवणारा रंग) तपासा, आणि बोल्ट टॉर्क पान्याने. नळाचं तोंड शिल्पापासून २० मीटरच्या आत हवं. नळ लांब असेल तर कोणी धुणार नाही.

खडूपेन्सिल

देठ २२०५, २१९ मिमी, बुडाशी फुगवटा. नळ आराखड्यात टाकला. जाळीसाठी पानं आजच पाण्यात घातली आहेत, स्कॅन झाला की रेषा इथेच टाकतो; चौथ्या पायरीवर थांबलोय का ते पानगळ यांनी बघावं.